सेटवरची देवी

भेग वाढतेय का ते कळावं म्हणून वैशालीने देवळाच्या खांबावर चिकटवलेली कागदाची पट्टी सकाळी अखंड होती. दुपारी ती मधोमध फाटली होती, आणि खालच्या भेगेत तिच्या करंगळीचं नख सहज मावत होतं. तिने बोटाने जरासं दाबलं. प्लास्टरचा बारीक भुगा मनगटावर सांडला.

तीन वर्षांपूर्वी कोलाडजवळच्या या माळावर एका ऐतिहासिक सिनेमाचं शूटिंग झालं. कंपनीने किल्ल्याचा दरवाजा, बुरूज आणि हे देऊळ उभारलं, आणि काम संपल्यावर तसंच टाकून निघून गेली. बुरूज पहिल्याच पावसात बसला. दरवाजाचं प्लायवूड लोकांनी गोठ्यांना नेलं. देवळाला कुणी हात लावला नाही, कारण आत देवी होती.

पुढे दिशाला टायफॉइड झाला. वैशाली रोह्याच्या दवाखान्यात लेकीच्या उशाशी बसली होती, तेव्हा तिच्या सासूने, सीताबाईंनी, इथे नवस बोलला. सातव्या दिवशी ताप उतरला. इंजेक्शनं पूर्ण झाली होती. पण सासूला ते कोण सांगणार? दोन वर्षं वैशाली गप्प राहिली, आणि देवीला गर्दी वाढत गेली.

आज पाचवी माळ. घटाभोवती वीसेक बाया गाणी म्हणत होत्या. आठ वर्षांची दिशा देवीच्या पायाशी बसून समईत तेल घालत होती. तिच्या डोक्यावर बांबू, प्लायवूड आणि तीन पावसाळे पाणी प्यालेलं प्लास्टर.

"आई, सगळ्यांना बाहेर काढा," वैशाली सासूला म्हणाली. "छप्पर खाली येतंय."

"घट बसलेत गो," सीताबाई म्हणाल्या. "दसऱ्याबिगर देवी हलायची नाय."

"खांब आतून वाळवीनं खाल्लाय."

"पेणची ना!" शेजारची चंद्रावती म्हणाली. "माहेरी चार मूर्ती रंगवल्या, आता इंजिनेर झाली."

बाया हसल्या. तेवढ्यात वर काहीतरी करकरलं. हसणं थांबलं.

"देवी बोलली!" कुणीतरी कुजबुजलं, आणि बाया आणखी आत सरकल्या.

वैशालीने बाहेरूनच हात पुढे केला. "दिशा, इकडं ये."

दिशाने आजीकडे पाहिलं. सीताबाईंनी तिला मांडीवर ओढलं. "नवसाची पोर हाय ती. देवीच्या डोळ्यांम्होरं तिला काय व्हनार?"

त्या डोळ्यांकडे वैशालीने या देवळात कधीच पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. डावी पापणी उजवीपेक्षा केसभर जाड होती. इतक्या जणी रोज हात जोडत, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. समईच्या तेलात भुगा पडू लागला होता. बोलल्यावर घरात आपल्याला जागा उरणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

ती चपला न काढताच आत शिरली.

"अगो, चपला!" चंद्रावती किंचाळली.

वैशाली घट ओलांडून देवीला पाठ करून उभी राहिली. 

"आई, हिचे डोळे मी आखलेत, तीन वर्षांमागं माहेरी गेलेले तेव्हा, पेणच्या कारखान्यात, शूटिंगवाल्यांच्या ऑर्डरीवर. माझ्या हातची मूर्ती हाय, आणि हिचं विसर्जन मी आत्ता करतेय. उठा!"