पाणी म्हण, मग देते

"पाणी म्हण. पाणी म्हण, मग देते."

त्याच्या आठवणीतला सगळ्यात जुना आवाज हा. आईचा. तिच्या हातातला पेला त्याच्या तोंडापासून वीतभर लांब होता. घशाला पडलेली कोरड त्याला अजून आठवायची. त्याच्या आधीचं काहीच नाही.

तो फार उशिरा बोलायला लागला, असं आईच सांगायची. म्हणून नाव पडलं मुक्या. पुढे मुक्याची जीभ अशी सुटली की गिऱ्हाईक पंखा दुरुस्तीला टाकायला येई आणि कान बधिर करून घेऊन जाई. जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून देताना त्याची टकळी अखंड चालू असायची. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. शर्टांना बटणं लावता लावता आई गुणगुणायची,

उशिरा आली पालवी, उशिरा फुटली वाचा,
पहिला शब्द 'आई', माझ्या मुक्या राजाचा.

आता म्हातारी आई खाटेवर होती आणि पेला त्याच्या हातात होता.

"आई, पाणी म्हण. पा-णी."

आईचे ओठ हलले आणि तेच बाहेर पडलं. ते वाक्य. कुठल्या मुलखातलं, कोण जाणे. सुरुवातीला हुंदक्यासारखं अडणारं, शेवटी लांबत लांबत जाणारं.

"ते नाही गं! पाणी!"

"अहो, ओरडताय काय?" बायको आतून म्हणाली. "बहिऱ्या नाहीत त्या."

"मग कुणावर ओरडू? भिंतीवर?" त्याने पेला आदळला. पाणी उशीवर सांडलं. त्याची त्यालाच लाज वाटली आणि तो मुकाट्याने आपल्या बाहीने उशी पुसत बसला.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हातारपणी शेवटी आलेले शब्द आधी गळतात. लहानपणची भाषा तळाशी बसलेली असते, ती शेवटपर्यंत टिकते. तुमच्या आईंची मूळ भाषा वेगळी असणार.

असेलही. माहेरचा विषय आईने कधी काढलाच नव्हता. लहानपणी त्याने विचारलं की ती म्हणायची, "माझं सासर तू आणि माहेरही तूच. जेव आता." या गावात दोघं आले तेव्हा तो तिच्या कडेवर होता, एवढंच शेजारी सांगायचे.

आणि आता रोज संध्याकाळी ती त्याची बाही धरायची, ते वाक्य म्हणायची, रडायची आणि ताट सरकवून द्यायची. मनगटाची हाडं वर आली होती. ती काहीतरी मागत होती, जीव तोडून मागत होती, आणि पोटच्या पोराला ते समजत नव्हतं.

दुकानात येईल त्याला तो ते वाक्य म्हणून दाखवायचा. कुणी मान हलवायचं, कुणी हसायचं. एकजण म्हणाला, "मुक्याशेठ, मोटारीबरोबर डोकंही जळलं की काय?"

मग एक दिवस रस्त्याकडेला लोकरीचे कपडे विकणारी बाई टेबलफॅन न्यायला आली. त्याने सवयीने वाक्य म्हटलं. फॅनची वायर गुंडाळणारा तिचा हात थांबला.

"कुठं ऐकलंत हे?"

"माझी आई म्हणते, रोज. मावशी, तुम्हाला कळलं? सांगा ना!"

"तुम्ही तर अगदी आमच्यातल्यासारखं म्हणता."

"ऐकून ऐकून हो. आमच्या हिला मात्र अजून एक शब्द धड जमत नाही. अर्थ सांगा ना, अर्थ!"

बाईने त्याच्याकडे पाहिलं, मग नजर वळवली. "असं उभ्या उभ्या नको. संध्याकाळी घरी येते. त्यांच्या तोंडून ऐकते, मग सांगते."

ती आली. खाटेशी बसून तिने आईचा हात हातात घेतला आणि आपल्या बोलीत मायेने काहीतरी विचारलं. आई नुसती बघत राहिली. बाईने दुसरं काही विचारलं. आईच्या चेहऱ्यावर ओळखीची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

"यांना कळत नाहीये," बाई म्हणाली.

"विसरली असेल. थांबा जरा." तो घाईने पुढे झाला. आईने त्याची बाही धरली आणि वाक्य म्हटलं. डोळे भरून आले.

बाईने मान खाली घातली.

"सांगा."

"राहू द्या, भाऊ."

"काय राहू द्या? ती जेवत नाही! रोज माझ्यासमोर रडते आणि मी ठोंब्यासारखा बघत बसतो. काय वाटेल ते असू द्या, पण सांगा!"

बाई हळू आवाजात म्हणाली, "'ही माझी आई नाही. मला घरी न्या.'"

बायको दारातच थबकली. त्याने खाटेचा कठडा धरला.

"म्हणजे... हिला लहानपणी कुणीतरी पळवून आणलं?" तो आईपुढे गुडघ्यांवर बसला. "आई, जन्मभर हे एकटीने गिळलंस? मला एका शब्दाने सांगितलं नाहीस? कोण होती ती बाई? कुठून आणलं तिने तुला? अगं, बोल ना! आता तरी बोल!"

आईने बाही सोडली. उशाशी ठेवलेल्या पेल्याकडे तिने पाहिलं. मग बोलली, आणि किती महिन्यांनी शब्द स्वच्छ, घरातले आले.

"मी नाही रे, मुक्या. ते तू म्हणायचास."