रबरी मनगट

मनगटातलं लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारा अस्थिबंध, किती ताणलं जातं, हे मोजायचं ते यंत्र होतं. लिगामेंट ताठरलं, की नस दबते आणि बोटं बधिर होतात. तपासनीस बाईंनी शिलाईवाल्या मावशींचा हात पट्ट्यात अडकवून स्क्रू फिरवला, तर काटा जागचा हलेना.

"दुखतंय का, मावशी?"

"दुखायला तो माझा वाटायला तर हवा. कुणा परक्याचा हात सांभाळत बसल्यासारखं झालंय."

यंत्रच रुसलं असणार. बाईंनी मावशींना बाहेर बाकावर बसवलं, दार लावलं आणि यंत्र तपासायला ठेवलेला रबरी हात पट्ट्यात घातला. स्क्रू फिरवताच काटा सुरळीत सरकला.

"ताई, जरा बेतानं," दाराबाहेरून मावशी म्हणाल्या. "आता दुखतंय."

असल्या गोष्टींना बाई भीक घालत नसत. तरी त्यांनी स्क्रू लगेच सैल केला आणि रबरी हात उचलून त्या कपाटाकडे निघाल्या.

"हं, आता बरं वाटतंय," बाहेरून आवाज आला. "पण तुमचे हात किती गार हो. सोडा आता."

बाईंनी मूठ उघडली.

रबरी हात खाली पडला नाही.