आजी सुमिराहचा डावा डोळा

पुडीच्या नमुन्यावर आजी सुमिराहचे दोन्ही डोळे चांगले होते. म्हाताऱ्या चित्रकार हार्जितोंनी कागद टेबलावर आपटला.

"हिचा डावा डोळा कुठे गेला?"

"नीट केला, बापाक," दानांग म्हणाला. वडीलधाऱ्यांना तिथे असंच म्हणत. आजीचा हा नातू आता तिच्या जामूच्या, म्हणजे जडीबुटीच्या औषधांच्या, कारखान्याचा मालक होता. फूल पडलेला पांढरा डोळा बघून परदेशातली गिऱ्हाइकं औषधाची पुडी खाली ठेवतात, असं त्याचं म्हणणं. रंग, अक्षरं, चौकट सगळं बापाकांचंच ठेवलं होतं. छपाईआधी त्यांची सही तेवढी हवी होती.

संध्याकाळी हार्जितोंच्या पन्नास वर्षांच्या कामाचं प्रदर्शन उघडायचं होतं. बिस्किटांचे डबे, काड्यापेट्या, निम्म्या सेमारांग शहरातल्या दुकानांच्या पाट्या. खर्च कारखान्याचा. सही झाली नाही तर दालनाला कुलूप राहील, हे दानांगनं इतक्या गोड शब्दांत सांगितलं की हार्जितोंना त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

"हा शहाणपणा मीही केला होता," ते म्हणाले. "तुझ्या आजीला खूश करायला डोळा चांगला रंगवून नेला. तिनं कागद तोंडावर फेकला. सात वेळा. आठव्यांदा आहे तसा रंगवला, तेव्हा कुठे मला चहा विचारला."

दानांग हसला. "पण डोळ्याकडे बघतं कोण, बापाक?"

जामूच्या पुडीवर मालकिणीचा चेहरा नसेल तर बाजारात त्या पुडीला कुणी हात लावत नाही, आणि हे त्या घरच्या पोराला सांगावं लागावं, याचाच हार्जितोंना जास्त संताप आला. त्यांनी कागद उचलला आणि या वयात दोन दोन पायऱ्या उतरत पुड्या भरायच्या शेडमध्ये गेले. दानांग हाका मारत मागोमाग आला.

हळदीच्या धुरळ्यात तीसेक बायका बसल्या होत्या. त्यांतली सगळ्यांत जुनी गिनेम. एकतीस वर्षं पुड्या भरत होती, अक्षर एक वाचता येत नव्हतं. हार्जितोंनी कागद तिच्यापुढे धरला.

गिनेमनं हात कमरेच्या कापडाला पुसले. तो चेहरा नीट न्याहाळला आणि मग दानांगकडे पाहिलं. शेजारणींचे हात थांबले.

"ही नवी मालकीण कोण? कारखाना विकलात होय, मालक?" ती म्हणाली. "आम्हांला एका शब्दानं सांगितलं नाहीत."