जावयाची सायकल

“सासुरवाडीत मागून खाऊ नये, लेकरा,” लग्नात आईनं ज्ञानेशच्या कानात सांगितलेलं. म्हणून उन्हाळी सुट्टीत बायकोमुलांसह चांदवडला आला, की तो उजाडताच उपाशीपोटीच गिअरची सायकल काढायचा. पुढच्या वळणापलीकडं काय असेल, या ओढीनं डोंगर धुंडाळायचा. परतला रे परतला, की सगळ्यांची ताटं मांडली जायची. एवढा योग रोज कसा जुळतो, याचं त्याला नवल वाटे. आज नवी पायवाट सापडली नि घरी परतेतो दुपार कलली. पोरं जेवून खेळत होती; थोरली मंडळी मात्र कोरड्या ताटांपुढं बसलेली. “अजून जेवला नाहीत? का?” मेव्हणा छताकडं बघू लागला. बायकोनं आईला डोळ्यानंच दटावलं. शेवटी सासूबाईंनाच राहवेना. “जावयाआधी घास घ्यायचा नाय, ही आमची रीत. डोंगर खुशाल फिरा, जावईबापू, पण खाऊन निघत जा. मला लय भूक लागती वो!”