वजदीचा फोटो

"हा तुमचा मुलगा नाही ना, खाला? एवढंच बोला. बाकी आम्ही बघतो."

सरकारी टीव्हीचा बातमीदार अंगणात उकिडवा बसला होता. हातात फोटो, मागे कॅमेरा, दाराशी दोन पोलीस. मबरूकाने फोटोकडे पाहिलं. नव्हताच तो तिचा मुलगा.

तो होता बेकरीमागच्या सालहाचा पोरगा. त्याचंही नाव वजदीच. मोर्चांचे व्हिडिओ फेसबुकवर टाकायचा, म्हणून पोलीस त्याच्या मागावर होते. चौकात पोलिसांची गोळी लागून मेला तो मबरूकाचा वजदी. पण "वजदी गेला" म्हटल्यावर लोकांनी फेसबुकवरचा ओळखीचा चेहरा उचलला. आता सगळा ट्युनिशिया त्या चेहऱ्यासाठी रडत होता, रस्त्यावर उतरत होता. मबरूकाला राग यायला हवा होता. येत नव्हता. शेजारणी कुसकुस भरवायच्या, ती गिळायची.

काल सालहा येऊन बसली होती. मग हळूच म्हणाली, "माझाच वजदी मेला असं समजून पोलिसांनी शोध थांबवलाय गं. पोटमाळ्यावर लपलाय."

बातमीदार गोडीगुलाबीने बोलू लागला. "खोटा फोटो लावून लोकांना भडकवतायत, खाला. तुम्ही नाही म्हणा. आठच्या बातम्यांना तुमच्या वजदीचा खरा फोटो दाखवतो. देशाला कळू दे तो कसा होता. आणि हा जिवंत असेल, तर पोलीस शोधतील त्याला."

तिचा वजदी मोठ्या कानांचा होता, हसला की एक डोळा बारीक व्हायचा. तो एकदा तरी सगळ्यांनी बघावा, एवढी एकच इच्छा तिच्यात शिल्लक होती. बाकी सगळं बधिर झालं होतं.

"हाच माझा वजदी," ती कॅमेऱ्यात बघून म्हणाली.

"अहो, नीट बघा!"

"नऊ महिने पोटात कुणी ठेवला त्याला? तू की मी?"

बातमीदार चरफडत उठला. जाताना एका पोलिसाने घरभर नजर फिरवली. हे झडतीला परत येणार, हे तिला कळलं.

तिने दार आतून लावून घेतलं. आपल्या वजदीचे होते नव्हते तेवढे फोटो गोळा केले आणि शेगडी पेटवली.