मंगळवारी दुपारी, नांगर टाकल्यावर

‘बाबा मंगळवारी झोपेत शांतपणे गेले. आम्ही बोटीवर होतो. तिथे नेटवर्क नसल्यामुळे बातमी शुक्रवारी बंदरात पोचल्यावर कळली.’ हे निवेदन राजीवने लिहिले, खाली बायकोचे, सुमेधाचेही नाव घातले आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले. पुढच्या तीन आठवड्यांत ब्रिस्टलच्या मराठी मंडळातले निम्मे लोक सुमेधाला भेटून गेले. प्रत्येकाला त्याने हेच, याच क्रमाने आणि याच शब्दांत ऐकवले. रविवारी दुपारी शेवटचे पाहुणे गाडीत बसले, तेव्हा सुमेधाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला.

तिची तीस वर्षे जुन्या हस्तलिखितांत गेली होती. विद्यापीठात पहिल्याच तासाला ती मुलांना सांगे, की ज्या ओळीत कुठे खाच नाही, अडखळणे नाही, ती नंतर कोणीतरी घातलेली असण्याचा संभव अधिक. नवऱ्याच्या निवेदनात खाच नव्हती. वडील गेल्याचे दुःख अजून तिच्यापर्यंत पोचलेच नव्हते. दाताच्या डॉक्टरकडून परतताना गाल आपला वाटत नाही, तशी ती तीन आठवडे स्वतःला आपली वाटत नव्हती. अशा अवस्थेत पुरावे फार नीट वाचता येतात.

पहिला मुद्दा नेटवर्कचा. त्या मंगळवारी संक्रांत होती. कॅरिबियनमधल्या एका लहान बेटाच्या खाडीत त्यांच्या मित्राने, विनयने, नांगर टाकला होता. दोन जोडप्यांतल्या चौघांत शिडाची बोट चालवता येत होती ती त्याला एकट्याला. सगळ्या सफरीतला तो सर्वांत आळशी थांबा. शिडे गुंडाळलेली, कुठे जायचे नाही, पाणी इतके नितळ की नांगराची साखळी थेट वाळूपर्यंत दिसत होती. विनयची बायको मनीषा हिने तळहातावर तिळाचा लाडू ठेवला, मागे समुद्र घेतला, फोटो काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला. तो ब्रिस्टलला संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी पोचला. खाडीत तेव्हा दुपारचे दोन वाजून पाच मिनिटे झाली होती. म्हणजे लाडवाला नेटवर्क होते.

दुसरा मुद्दा झोपेचा. वारस म्हणून सही हवी, म्हणून सांगलीहून भाच्याने, अपूर्वने, काही कागद पाठवले होते. त्यांत दवाखान्याची फाईलही चुकून आली. शनिवारी दाखल. मेंदूत रक्तस्राव. त्याच दिवशी घशात नळी आणि व्हेंटिलेटर. मंगळवारी रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, ‘नातेवाइकांच्या संमतीने’, नळी काढली. याला झोप म्हणणाऱ्याचे मराठी भाषेवर उपकारच आहेत. सांगलीतले अकरा चाळीस म्हणजे खाडीतले दोन वाजून दहा. तिने वेळ दोनदा पडताळून पाहिली. त्या वेळी ती पोहत होती.

तिसरा मुद्दा खुद्द राजीव. तो इथल्या एका हॉस्पिटलात अतिदक्षता विभागाचा कन्सल्टंट. सांगलीत कोणाचे बोट चेपले तरी एक्स-रे त्याच्या फोनवर येई, आणि दाजींना विचारल्याशिवाय त्या घरात तापाची गोळीही कोणी गिळत नसे. सासरे तीन दिवस व्हेंटिलेटरवर होते आणि दाजींना कोणी कळवले नाही, हे मानायला सांगली अजिबात माहीत नसणारा माणूस हवा. धाकट्या भावाला, विष्णूला, तिने फोनवर विचारले होते. तो म्हणाला, ताई, झालं ते झालं. आणि मग, जेवलीस का.

राजीव आत आला आणि पाहुण्यांचे कप विसळू लागला. तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. त्याने फोटो पाहिला, फाईल पाहिली. आधी तो म्हणाला, की रेंज फक्त मनीषाच्या फोनला होती. मग म्हणाला, की आपल्याही फोनला थोडी येत-जात होती. मग म्हणाला, की समजा कळलं असतं तरी तिथून विमानतळ गाठायला दोन दिवस लागले असते, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तू एवढी शांत दिसत होतीस. निवेदन दर वाक्याला बदलत गेले. आवाज बदलला नाही. पेशंटच्या नातेवाइकांशी बोलायचा तोच आवाज, मऊ आणि मोजका.

“पोचले असते असं मी म्हणतच नाहीये,” ती म्हणाली. “विष्णूनं त्यांच्या कानाला फोन धरला असता. मी ‘बाबा’ म्हटलं असतं. एवढंच. राजीव, मंगळवारी दुपारी ते जिवंत आहेत हे तुला माहीत होतं का?”

तिला फक्त ‘हो’ हवे होते. तिचे आरोपपत्र तेवढेच होते, की त्याने लपवले. लपवणे हा आपल्या लोकांचा कुळाचार आहे. परीक्षा होईपर्यंत, लग्न पार पडेपर्यंत, माणूस प्रवासातून घरी येऊन चहा पिईपर्यंत वाईट बातमी दाबून ठेवायची आणि त्याला काळजी म्हणायचे. या गुन्ह्याचा निकालही तिने मनाशी लिहून ठेवला होता. वर्षभराने, दोन वर्षांनी, ती त्याला माफ करणार होती.

राजीवने नळ बंद केला. हात पुसले. खुर्ची ओढून तो तिच्यासमोर बसला. तो जे बोलला ते शब्दशः असे:

“शनिवारपासून माहीत होतं. मंगळवारी विष्णूचा फोन आला, ‘दाजी, डॉक्टर विचारतायत, नळी काढायची का, तुम्ही सांगाल तसं.’ तू शिडीपासून दहा हातांवर पोहत होतीस, हाक मारली असती तर ऐकू आली असती. मी ‘काढा’ म्हणालो, फोन ठेवला आणि तुला टॉवेल दिला.”