घरात कुणाला होता?

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि लवूने मान खाली घातली. संपात गिरणी सुटली होती. मुलुंडच्या कारखान्यात वॉचमनची नोकरी लागत होती, आणि मेडिकलमध्ये नेमके छातीत डाग निघाले.

"घाबरू नका, टीबी नाही," डॉक्टर म्हणाले. "हे पांढरे ठिपके म्हणजे कॅल्शियमच्या गाठी. लहानपणी जंतू आत शिरले असणार. शरीराने त्यांना चुन्यात चिणून टाकलं. जखम कधीच भरली, हा नुसता वण आहे. फिट म्हणून लिहितो."

शेजारी बसलेल्या नलिनीने सुटकेचा श्वास टाकला.

"लहानपणी घरात कुणाला क्षय होता?" डॉक्टरांनी कागद पुढे ओढला.

"छे, यांच्या घरात कुणालाच नाही," नलिनी म्हणाली. सासरची बाजू सांभाळायची तिला सवयच होती. लवूनेही मान हलवली. डॉक्टरांनी 'नाही' लिहिलं.

दाराशी चपला घालताना लवू थांबला. "हा लागतो कसा, डॉक्टर?"

"जवळ राहून. रोज कुशीत घेऊन झोपवणारं कुणीतरी असतं बहुतेक."

लवूला लाज वाटली. आई गेल्यापासून आत्याच त्याला कुशीत घेऊन झोपायची. मग तिला गोठ्याच्या पडवीत ठेवलं. नऊ वर्षांचा लवू तिचं ताट काठीने पुढे सरकवायचा. काठीने सरकव, हे घरच्यांनी सांगितलं होतं. सगळ्यात लांब काठी शोधून आणली होती त्याने स्वतः. "थंयच ठेव रे, फुडे येव नको," आत्या आतून म्हणायची. ती गेल्यावर घरात कुणी तिचं नाव काढलं नाही. फोटो तर नव्हताच. पंचवीस वर्षांच्या संसारात तो नलिनीकडेही तिच्याबद्दल बोलला नव्हता.

तो टेबलाशी परत आला. "ते 'नाही' खोडा. होता."

"अहो, कागद कारखान्यात जायचाय," नलिनी दबक्या आवाजात म्हणाली. "कुणाला होता?"

"आत्याला."

डॉक्टरांनी 'नाही' खोडून 'आत्या' लिहिलं.

"नाव पण लिहा."

"नाव लागत नाही यात."

"असू दे. सगुणा लिहा."

डॉक्टर लिहू लागले. लवू अगदी जवळ जाऊन, कागदावर वाकून उभा राहिला.